लाइक देऊन पुढे जाणारे लोक पेजवर थांबायला लागले, ते कसं

आमचा हाताने शिवलेल्या वह्यांचा छोटासा धंदा आहे, मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून करतो, तो बाइंडिंग बघतो आणि ऑर्डरी, हिशोब, पॅकिंग, सोशल मीडियाचं पेज हे सगळं माझ्याकडे. पेज मुख्यतः इन्स्टाग्रामवर, तेच फेसबुकला जोडलेलं. मधल्या काळात या पेजवर लोक खरोखर बोलायला लागले, म्हणजे कमेंटमध्ये प्रश्न विचारतात, एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, पोस्ट मैत्रिणीला पाठवतात, एखादी पोस्ट सेव्ह करून ठेवतात आणि बऱ्याच दिवसांनी तिच्यावरून मेसेज करतात. हे कसं झालं असं विचारणारे छोटे धंदेवाले मला सारखे भेटतात आणि दरवेळी मेसेजमध्ये तुटक तुटक सांगून समाधान होत नाही, म्हणून जे जे केलं ते एकदा सलग लिहून टाकते.

आधीचं पेज कसं होतं ते सांगते. वही खिडकीजवळ चांगल्या उजेडात ठेवायची, फोटो काढायचा, खाली रंग, साइज, पानं किती आणि "ऑर्डरसाठी मेसेज करा". फोटो छान यायचे, लाइक यायचे, बहुतेक ओळखीच्याच लोकांचे, आणि कमेंट म्हणजे "मस्त", "सुंदर" किंवा नुसतं हार्ट. मी धन्यवाद लिहायचे आणि ते बोलणं तिथेच संपायचं, कारण सुंदर म्हटल्यावर पुढे बोलणार तरी काय? दुकानात नाही का, "छान आहे हो" म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्या मिनिटाला बाहेर असतं आणि "यात शाईचं पेन चालेल का" असं विचारणारं गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं, तसंच आहे हे. आम्हाला ते दुसरं गिऱ्हाईक पेजवर हवं होतं.

त्यासाठी सगळ्यात आधी मी आकडे वाचायला शिकले. अकाउंट प्रोफेशनल केलं की इनसाइट्स, म्हणजे पोस्ट कशी चालली त्याचे आकडे, दिसतात, फुकट असतात, पण उघडून बघणारे कमी. फॉलोअरचा आकडा सगळ्यांना समोर दिसतो म्हणून त्याचंच वजन वाटतं, पण पेजची तब्येत त्यावरून कळत नाही. मी एका वहीत रकाने आखले, पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली म्हणजे रीच, त्यातल्या किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, किती कमेंट आल्या, आणि लाइक सगळ्यात शेवटच्या रकान्यात. या सगळ्या कृतींची बेरीज करायची, तिला रीचने भागायचं आणि १०० ने गुणायचं, म्हणजे समजा पोस्ट १००० लोकांपर्यंत पोचली आणि तिथे एकूण ५० कृती झाल्या तर ५ टक्के. काहीजण रीचच्या ऐवजी फॉलोअरच्या संख्येने भागतात, तेही चालतं, पण एकदा जी पद्धत धरली ती सोडायची नाही, नाहीतर मागच्या महिन्याशी तुलनाच होत नाही. आणि दुसऱ्यांच्या पेजशी तुलना करायच्या भानगडीत मी पडलेच नाही, लहान पेजचा टक्का मोठ्या पेजपेक्षा साधारण जास्तच असतो, त्यामुळे ना खूश व्हायला अर्थ ना नाराज व्हायला. आपलीच मागची पोस्ट आणि आपलीच आजची पोस्ट एवढीच तुलना कामाची.

हे रकाने भरता भरता एक गोष्ट डोळ्यात भरली. लाइक सगळ्या पोस्टला साधारण सारखेच होते. पण सेव्ह आणि शेअर मात्र काही पोस्टला एकदम भरपूर आणि काहींना शून्य. आणि ज्यांना भरपूर होते त्या सगळ्या पोस्टमध्ये काहीतरी सांगितलेलं होतं, नुसतं दाखवलेलं नव्हतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की पोस्ट किती पोचते हे ठरवताना तीन गोष्टी सगळ्यात जास्त बघितल्या जातात, लोक किती वेळ बघतात, किती लाइक येतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. आणि त्यातलं दुसऱ्याला पाठवणं हे आपल्याला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोचण्यासाठी विशेष महत्त्वाचं. माझ्या वहीतला दुसऱ्याला पाठवण्याचा रकाना आणि हे बोलणं अगदी जुळत होतं.

अल्गोरिदम या शब्दाची लोकांना फार धास्ती आहे, मला विचाराल तर तेवढी गरज नाही. २०१६ पर्यंत इन्स्टाग्रामवर पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या, नंतर त्या बघणाऱ्याच्या आवडीनुसार क्रम लावून दिसायला लागल्या, आणि २०२१ मध्ये कंपनीनेच समजावून सांगितलं की एकच एक अल्गोरिदम वगैरे काही नसतं, फीड, स्टोरी, एक्सप्लोर, रील्स या प्रत्येकाची क्रम लावायची पद्धत वेगळी आहे. स्टोरी मुख्यतः ओळखीच्या लोकांसाठी, रील अनोळखी लोकांसाठी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. म्हणजे रीलमध्ये "काल सांगितलं तसं" असं म्हणून सुरुवात करायची नाही, कारण बघणारा काल तिथे नव्हता. आणि स्टोरीत रोज आपली ओळख करून द्यायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा, आणि मला मनापासून वाटतं की बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. पोस्टला विषय कुठून आणायचा? तर आपल्या मेसेज बॉक्समधून. गिऱ्हाईक जे प्रश्न ऑर्डर द्यायच्या आधी विचारतात तोच पेजचा मजकूर. मी जुने मेसेज खालपासून वर वाचत गेले आणि प्रश्न उतरवून घेतले. कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा? शाई मागे उमटेल का? वही सपाट उघडेल ना, का हाताने दाबून धरावी लागेल? पानं सुटतात का? डाव्या हाताने लिहिणाऱ्याला चालेल का? हा डावखुऱ्यांचा प्रश्न तर इतक्या जणांनी वेगवेगळ्या वेळी विचारला होता की मी थक्क झाले, सुट्टी सुट्टी उत्तरं देताना तो आकडा कधी नजरेत आलाच नव्हता. भावाला दाखवलं तर म्हणाला, "ताई, हे तर आपल्याला रोजचंच आहे, यात लोक काय बघणार?" मी म्हटलं, आपल्याला रोजचं आहे रे, विचारणाऱ्याला नाही. तू फक्त नेहमी करतोस तसं कर, मी शूट करते.

पहिली पोस्ट केली कागदाच्या दिशेवर. यंत्रावर बनलेल्या कागदाला दिशा असते, त्यातले तंतू एका बाजूने लांब पडलेले असतात, आणि त्या बाजूने कागद सहज वळतो, उलट्या बाजूने अडतो. वही शिवताना ही दिशा पाठीला समांतर ठेवली तर वही नीट उघडते आणि पानं वाकडी होत नाहीत, आडवी ठेवली तर वही सारखी मिटायला बघते. ही गोष्ट बाइंडरला हातानेच कळते पण वही वापरणाऱ्याला कोणी सांगितलेली नसते. आम्ही कॅरोसेल केलं, म्हणजे एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत बघायच्या स्लाइड, पहिल्या स्लाइडवर नुसता प्रश्न, "तुमची वही आपोआप मिटते का?", दुसऱ्या स्लाइडवर भावाच्या हातात एक कोरा कागद, हलकेच वळवलेला, तिसऱ्यावर तोच कागद दुसऱ्या बाजूने वळवलेला आणि अडलेला, चौथ्यावर सांगितलं की आत्ता हाताशी असेल तो कागद घ्या आणि दोन्ही बाजूंनी वळवून बघा, पाचव्यावर आमची उघडी वही. विकायचं एक अक्षर नाही, भाव नाही, ऑर्डर करा नाही. आणि लोकांनी खरंच कागद वळवून बघितले! कमेंटमध्ये येऊन सांगायला लागले, कोणी ऑफिसच्या प्रिंटरचा कागद वळवला, कोणी मुलाची शाळेची वही, एकाने विचारलं की पुठ्ठ्यालाही अशी दिशा असते का (असते), एक चित्रकार बाई आल्या आणि त्यांनी वॉटरकलरच्या कागदाबद्दल इतकं छान लिहिलं की मी ती कमेंट पिन केली. त्या कमेंटखाली मग वेगळीच चर्चा सुरू झाली.

त्या पोस्टला आमच्या नेहमीच्या पोस्टपेक्षा लाइक थोडेच जास्त होते. सेव्ह मात्र कितीतरी पट. मी रकाना दोनदा तपासला.

यातून जे सूत्र हाती लागलं ते असं की वाचणाऱ्याला काहीतरी करून बघायला द्यायचं, ते अर्ध्या मिनिटात होणारं पाहिजे आणि त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूवर होणारं पाहिजे. मग तो निकाल सांगायला परत येतो. नुसतं "तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये सांगा" असं शेवटी चिकटवलं तर कोणी सांगत नाही, मला तरी कोणी सांगितलं नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर समोरच्याकडे तयार असेल आणि ते द्यायला त्याला विचार करत बसावं लागू नये. "तुमची आवडती वही कोणती" हा जड प्रश्न आहे. "वहीचं पहिलं पान तुम्ही कोरं सोडता की त्यावर लिहिता" याला प्रत्येकाकडे उत्तर आहे, आणि वर कारणही आहे, आणि ते कारण सांगायची हौसही आहे. या एका प्रश्नावर लोकांनी परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले.

मग रील. रीलच्या इनसाइट्समध्ये एक आलेख असतो, कुठल्या सेकंदाला किती लोक अजून बघतायत ते दाखवणारा. आमच्या रील्सची सुरुवात आधी नावाच्या पाटीने व्हायची आणि आलेख तिथेच धाडकन खाली यायचा, म्हणजे लोक वहीपर्यंत पोचतच नव्हते. मग पाटी काढली आणि सुरुवातच आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, घडीतून आरपार जाते त्या क्षणापासून केली, अगदी जवळून, घडी घातलेल्या कागदांचा फर्मा, त्यावर पेन्सिलच्या बारीक खुणा, आरीचं टोक खुणेवर टेकतं आणि टक् असा आवाज होऊन पलीकडे निघतं. पुढे दोरा मेणावरून ओढायचा तो सर्रकन आवाज. हे आवाज आम्ही तसेच ठेवले, वर गाणं लावलं नाही. एक तर बिझनेस अकाउंटला सगळी गाणी वापरता येत नाहीत, हक्कांचा प्रश्न असतो, आणि दुसरं म्हणजे कामाचा आवाज ऐकायला लोक शेवटपर्यंत थांबतात हे आलेखात स्पष्ट दिसलं. पण बरेच लोक मोबाइलचा आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे काय चाललंय ते सांगणारी एकेक ओळ स्क्रीनवर लिहितोच. ओळ मधोमध लिहायची, अगदी खाली लिहिली तर कॅप्शन आणि उजवीकडे लिहिली तर बटणं तिच्यावर येतात, ही बारीकशी गोष्ट आहे पण कितीतरी पेजवर अर्धी वाक्यं दिसतात.

लांबीचं म्हणाल तर ठराविक सेकंदांचा नियम मी तरी पाळत नाही. एका रीलमध्ये एकच गोष्ट, ती संपली की रील संपली. टाका कसा लॉक करायचा हे दाखवायचं तर तेवढंच, त्यातच कापडाचे रंग आणि नवीन साइज घुसवायची नाही. कॅप्शनलाही तेच, फीडमध्ये सुरुवातीची ओळ दोन ओळीच दिसते आणि बाकीचं "मोर"च्या मागे जातं, त्यामुळे जे महत्त्वाचं ते पहिल्याच वाक्यात, नमस्कार मंडळी वगैरे नंतर.

आता उत्तर द्यायचं काम, आणि यात छोट्या धंद्याची खरी ताकद आहे असं माझं ठाम मत आहे. मोठ्या ब्रँडला प्रत्येक कमेंटला माणसासारखं उत्तर देणं जमत नाही, आपल्याला जमतं. पोस्ट टाकल्यावर पहिला तासभर मी फोन जवळ ठेवते आणि येईल त्या कमेंटला उत्तर देते, आणि उत्तरात शक्यतो पुढचा प्रश्न असतो. कोणी लिहिलं "शाईचं पेन वापरते मी", तर "अरे वा" लिहून सोडायचं नाही, निब जाड आहे की बारीक ते विचारायचं, कारण त्यावर खरंच फरक पडतो आणि तिला कोणता कागद सुचवायचा ते मलाही कळतं. शाई पसरणं हे नुसत्या जीएसएमवर नसतं, कागदाने शाई कमी शोषावी म्हणून त्याला जे साइझिंग केलेलं असतं त्यावर जास्त असतं, जीएसएम म्हणजे फक्त एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. हे मी एका कमेंटच्या उत्तरात लिहिलं आणि त्यावरून इतके प्रश्न आले की त्याची वेगळी पोस्ट झाली. ८० जीएसएमचा ए४ कागद एक घेतला तर वजन जवळजवळ ५ ग्रॅम, कारण ए४ हा चौरस मीटरचा साधारण सोळावा भाग असतो. किचनच्या डिजिटल काट्यावर लोकांनी हे सुद्धा करून बघितलं, आणि एका शिक्षिकेने वर्गात करून दाखवलं म्हणून कळवलं, तो मेसेज वाचून आम्हाला दोघांना फार बरं वाटलं.

म्हणजे बघा, कमेंटमधून पोस्ट, पोस्टमधून कमेंट असं ते चालू राहतं. विषय संपले असं मला तेव्हापासून एकदाही वाटलेलं नाही. आणि ज्याच्या प्रश्नावरून पोस्ट केली त्याला त्या पोस्टखाली टॅग करायचं, अर्थात आधी विचारून. तो माणूस मग त्या पोस्टला आपली मानतो, खालच्या शंकांना तोच उत्तरं देतो.

स्टोरीज मी वेगळ्या कामाला वापरते. २४ तासांत त्या जातात, त्यामुळे तिथे फार सजावट करत नाही, चालू काम दाखवते. पोल लावते, आखीव की कोरी, गोल कोपरे की चौकोनी. पोलचा फायदा असा की बोट टेकवलं की झालं, कमेंट लिहायला बिचकणारी माणसंसुद्धा त्यात भाग घेतात, आणि एकदा बोट टेकवायची सवय लागली की त्यातली काही हळूहळू मेसेज करायला लागतात. पण पोलचा निकाल पाळायचा, हे मात्र फार महत्त्वाचं. लोकांनी ठिपक्यांच्या पानांना मत दिलं तर ठिपक्यांची वही बनवायची आणि "तुम्ही सांगितलेली वही तयार झाली" म्हणून दाखवायची. एकदा लोकांना कळलं की इथे मत दिलं तर खरंच काहीतरी होतं, की पुढच्या पोलला दुप्पट उत्साह. प्रश्न विचारायचा स्टिकर आठवड्यातून एकदा लावते आणि आलेल्या प्रश्नांची उत्तरं भाऊ बोलून देतो, त्याचा आवाज ऐकून लोकांना वही कोण बनवतं ते कळतं. चांगली उत्तरं हायलाइट्समध्ये, म्हणजे प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या स्टोरीजमध्ये, साठवून ठेवलीयत, आता कोणी तोच प्रश्न विचारला की ती लिंक पाठवते.

काही गोष्टी आम्ही ठरवून लांब ठेवल्या. "तीन मित्रांना टॅग करा आणि वही जिंका" हा प्रकार सगळे सुचवतात. त्याने आकडे उसळतात हे खरं आहे, पण जे येतात ते बक्षिसासाठी येतात आणि वहीबद्दल त्यांना काही देणंघेणं नसतं, मग पुढच्या पोस्टला ते गप्प आणि आपला टक्का पहिल्यापेक्षा खाली. शिवाय लाइक करा, शेअर करा, टॅग करा अशी भीक मागणाऱ्या पोस्ट मागे ढकलणार असं फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, मार्क झुकरबर्ग यांनी सांगितलं की लोकांमधल्या खऱ्या संवादाला न्यूज फीडमध्ये जास्त जागा मिळेल. फॉलोअर विकत घेणं तर सोडाच, ती माणसं नसतातच बहुतेक वेळा, आणि खोटे फॉलोअर, खोटे लाइक हे नियमात बसत नाही. एकमेकांच्या पोस्टवर जबरदस्तीने कमेंट करायचे ग्रुप असतात, त्यातही बोलावणं आलं होतं, नको म्हटलं. तिथल्या लोकांना तुमच्या वस्तूत रस नसतो, त्यांच्या कमेंट बघून खरं गिऱ्हाईकही ओळखतं.

पैसे देऊन बूस्ट करणं, म्हणजे पोस्ट जाहिरातीसारखी जास्त लोकांना दाखवणं, मी वाईट म्हणत नाही. फक्त क्रम सांगते. जी पोस्ट आपोआप चांगली चालली, जिला सेव्ह आणि शेअर आलेत, तिलाच थोडे पैसे लावायचे. जी पडली तिला पैशाने उचलून काही होत नाही, लोक बघतात आणि पुढे जातात, फक्त आता ते बघायचे पैसे आपण दिलेले असतात. आणि बूस्ट करताना तिथे विचारतात की हेतू काय, तेव्हा आम्ही मेसेज यावेत हे निवडतो, कारण आमच्या धंद्यात ऑर्डर मेसेजमधूनच येते.

हॅशटॅगवर पूर्वी लोक तासन् तास घालवायचे, मी तीन-चार नेमके लावते आणि सोडून देते. त्याऐवजी कॅप्शनमध्ये आणि प्रोफाइलच्या नावात साधे शब्द लिहिते जे माणूस शोधताना टाइप करेल, "हाताने शिवलेली वही", "शाईच्या पेनासाठी वही". फोटोला ऑल्ट टेक्स्टही भरते, ते मुळात ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी असतं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो, आणि माझ्या मते एवढ्याच कारणासाठी ते प्रत्येकाने भरावं.

गिऱ्हाइकांचे फोटो हा आमच्या पेजचा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग आहे. पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालते, वही भरली की आम्हाला दाखवा. कोरी वही सगळेच दाखवतात हो, भरलेली वही कोण दाखवतं! लोक पाठवतात, कोपरे झिजलेले, पानांच्या मध्ये तिकिटं चिकटवलेली, बागेच्या नोंदी, शिवणाचे नमुने, एका आजोबांनी रोज पहाटे दिसलेल्या पक्ष्यांची यादी. फोटो लावायच्या आधी परवानगी घेतेच, नाव लावू का तेही विचारते, आणि पान वाचता येत असेल तर पुन्हा एकदा विचारते, कारण वहीत खासगी गोष्ट असू शकते. काहीजण नको म्हणतात, ठीक आहे. जे हो म्हणतात त्यातल्या कोणाचं स्वतःचं पेज असेल तर कोलॅब पोस्ट करतो, तीच पोस्ट दोन्ही पेजवर दिसते आणि लाइक-कमेंट एकत्रच येतात.

तक्रारीचंही सांगायला हवं. एका ताईंना पार्सल कोपरा दुमडून पोचलं आणि त्यांनी थेट पोस्टखाली लिहिलं, फोटोसकट. अशा वेळी कमेंट लपवायचा मोह होतो असं बरेच जण सांगतात. मी तिथेच उत्तर दिलं, दुसरी वही आजच पाठवते, पत्ता तोच ना, बाकीचं मेसेजमध्ये बोलू. वही पाठवली, आणि मग पॅकिंगमध्ये कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या टोप्या घालायला लागलो त्याची रील केली आणि त्यात सांगितलं की ही सूचना कुणाच्या तक्रारीवरून आली. त्या ताईच त्या रीलखाली आल्या, दुसरी वही मिळाली म्हणून लिहिलं, आणि बाकीच्यांनी आपापले पार्सलचे अनुभव लिहिले. शिवीगाळ असेल तर सरळ डिलीट आणि ब्लॉक, त्यावर चर्चा नाही. पण खरी तक्रार सगळ्यांसमोर सोडवलेली दिसली की गप्प बसून बघणाऱ्या कितीतरी लोकांचा भरवसा बसतो, हे मला नंतर आलेल्या मेसेजवरून कळलं, "तुम्ही त्या ताईंना वही बदलून दिलीत ना, म्हणून ऑर्डर करतोय."

वेळेबद्दल खूप जण विचारतात, सकाळी टाकायचं की रात्री. आपले लोक कधी ऑनलाइन असतात ते इनसाइट्समध्ये दिसतं, ते बघून टाका, इंटरनेटवरच्या याद्या बघून नको. मला वेळेपेक्षा सातत्य महत्त्वाचं वाटतं, आणि सातत्य म्हणजे रोज नव्हे. रोज टाकायला गेलं तर आमच्या दोघांच्यात वह्या कोण शिवणार? आठवड्यात एक कॅरोसेल किंवा रील, आणि काम चालू असेल तेव्हा स्टोरी, हे झेपतं. शूटिंग एका बैठकीत करून घेते, भाऊ तसाही फर्मे शिवत बसलेला असतो, वरून स्टँड लावते आणि तो विसरून जातो की कॅमेरा चालू आहे, त्यातूनच सगळ्यात चांगले तुकडे मिळतात. ज्या दिवशी उत्तरं द्यायला वेळ नसेल त्या दिवशी मी पोस्ट टाकतच नाही, हा मात्र नियम आहे.

फेसबुकवर तीच पोस्ट जशीच्या तशी जाऊ द्यायचं बंद केलं. आमच्याकडे तिथे वयाने मोठी मंडळी जास्त आहेत, ती सावकाश वाचतात, लांब मजकूर चालतो, आणि कमेंट तर इतक्या मनापासून लिहितात की वाचत राहावं. पेन, शाई, जुन्या वह्या, हस्ताक्षर या विषयांवर तिथे जास्त रंगतं. म्हणून तिथे कॅरोसेलच्या जागी एक फोटो आणि खाली मोठं लिखाण.

सध्या मी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल करून बघतेय. तिथे लोक मुख्यतः इमोजी देतात, पोलला मत देतात, पोस्टखाली मोकळ्या गप्पा होत नाहीत, त्यामुळे गप्पांना ते फार उपयोगी नाही असं आत्तापर्यंत तरी दिसतंय. पण नवीन वह्या कधी येणार एवढंच ज्यांना कळायला हवं असतं अशी बरीच गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्यासाठी ते बरं पडेल, आणि मग पेजवर विक्रीच्या सूचना आणखी कमी करता येतील. डावखुऱ्यांच्या वहीचं कॅरोसेल पुढच्या आठवड्यात टाकायचंय, त्यासाठी डाव्या हाताने लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या हाताचे लिहितानाचे व्हिडिओ मागवलेत, आत्तापर्यंत जे आलेत त्यात प्रत्येकाने वही वेगळ्याच कोनात ठेवलीय, त्यामुळे पहिल्या स्लाइडवर बहुतेक तोच प्रश्न जाईल.